अठ्ठेचाळीस घरांचं मडकं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली असं सगळं पाहिलं आणि त्यातलं पुष्कळसं आता पुसटही झालं. एका मातीच्या मडक्याची केस मात्र काल घडल्यासारखी लख्ख आठवते. त्या केसमध्ये कुणी मेलं नाही, कुणाला अटक झाली नाही, कोर्टाची पायरीही कुणी चढलं नाही. तरी नोकरीतली सर्वांत मोठी चूक मी तिथेच करता करता राहिलो, म्हणून ती लिहायची. नावं कुणाचीच देत नाही. गाव अर्नाळ्याच्या बाजूचं, कोळीवाड्याचं, एवढं पुरे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि समुद्राकडच्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. पालघर वेगळा जिल्हा व्हायला अजून खूप अवकाश होता, आमचं सगळं ठाण्याहून चालायचं. तिथे दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक असे. मागच्या महिन्यात एक घरफोडी आणि या महिन्यात दोन झाल्या, की तक्त्यात 'शंभर टक्के वाढ' असं लिहून यायचं आणि भर बैठकीत माझी खरडपट्टी निघायची. दोन घरफोड्या म्हटलं तर कुणी मानही वर केली नसती. तेव्हापासून आकडा दिसला की मी एकतर चिडायचो, नाहीतर दबून जायचो. या केसमध्ये मी दबलो.

दसरा होऊन दोन आठवडे झाले असतील. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. बीट हवालदार आत आला आणि सॅल्यूट ठोकून तसाच उभा राहिला. हा गडी खुर्चीत बसला की खबर किरकोळ आणि उभा राहिला की गंभीर, हे मला ठाऊक होतं.

"साहेब, कोळीवाड्यात वातावरण बरं नाही. काल एका विधवा बाईची वलांडी उपटून टाकली. आज ना उद्या डोकी फुटणार."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. त्या गावात अठ्ठेचाळीस घरं बोंबील वाळवायची. किनाऱ्यावर जागा सगळ्यांना होती, पण सारखी नव्हती. होड्या लागतात त्याच्या जवळची, वाऱ्याची जागा मिळाली तर माल दोन दिवसांत कडकडीत वाळायचा. टोकाला खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या बाजूला मिळाली तर मासळीच्या पाट्या वाहून मान मोडायची आणि दमट हवेनं निम्मा माल काळा पडायचा. म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी गावदेवीसमोर मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या. ज्याची चिठ्ठी आधी, त्यानं जागा आधी निवडायची. चिठ्ठ्या काढायचा मान त्या वर्षी गावात आलेल्या सर्वांत नव्या सुनेचा. नवी सून कुणाच्या बाजूची नसते, असा त्यामागचा विचार. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

"त्या बाईची चिठ्ठी लागोपाठ तिसऱ्या वर्षी पहिली निघाली," हवालदार म्हणाला. "लोक म्हणतात, नव्या सुनेला तिनं फितवलं. दोघी एकाच माहेरच्या. चिठ्ठ्या काढायच्या आदल्या दिवशी ती सून त्या बाईच्या घरी गेलेली काहींनी बघितलीय. आता सुनेच्या सासरी निरोप गेलाय, की हिला माहेरी पाठवा, नाहीतर तुमची होडी ओढायला गावातलं कुणी हात लावणार नाही."

होडी ओढायला माणसं मिळाली नाहीत तर कोळ्याचं घर बसतंच. सासरच्यांनी ठरवून टाकलं होतं, की शनिवारी पोरीचा बाप येईल आणि तिला घेऊन जाईल. तो दिवस बुधवार होता.

दुपारी लेखी अर्जही येऊन थडकला. चार पानं, खाली बावीस सह्या. अर्जदार तिशीचा, शिकलेला, मुंबईला एका कचेरीत नोकरीला, गावातल्या मानकऱ्यांच्या घरातला. त्यानं अर्जाला एक वेगळा कागद टाचला होता आणि त्यावर गणित मांडलं होतं.

"सर, हे बघा. घरं अठ्ठेचाळीस. एका वर्षी एका घराचा पहिला नंबर यायचा चान्स अठ्ठेचाळीसात एक. लागोपाठ तीन वर्षं त्याच घराचा यायचा, तर अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस. एक लाख दहा हजार पाचशे ब्याण्णव! म्हणजे ती बाई निर्दोष असायचा चान्स लाखात एकसुद्धा नाही. तुम्हाला आणखी काय पुरावा पाहिजे?"

खरं सांगतो, मला ते पटलं. एरवी चार पानी अर्ज पाहिला की माझं डोकं फिरतं, पण लाखाचा आकडा पाहून मी गप्प झालो. अर्ज आवकमध्ये घेतला आणि फसवणुकीचं कलम लागेल का, याचा विचार करतच जीप काढायला सांगितली.

स्त्रियांना ठाण्यात बोलवायचं नाही, हा माझा नियम. महिला शिपाई बरोबर घेऊन मी आधी त्या नव्या सुनेच्या घरी गेलो. वैशाखात लग्न होऊन आलेली, जेमतेम विशीची पोर. डोळे रडून सुजलेले. सासू दारात ठाण मांडून बसलेली.

"मडक्यात हात घातलास तेव्हा काय केलंस, ते नीट सांग," मी म्हणालो.

"आत्यांनी शिकवलेलं तसंच केलं," सासूकडे बघत ती म्हणाली. "हात घालायचा, वरची उचलायची, ढवलायचं नाय. देवीसमोर ठेवलेल्या चिठ्ठ्या ढवलल्या तर देवीवर भरवसा नाय असं होतं. मी ढवललं नाय, साहेब. देवीची शप्पत."

"आणि आदल्या दिवशी त्या बाईच्या घरी कशाला गेली होतीस?"

"ती माझ्या गावची हाय. आईची आठवन आली की जाते मी तिच्याकडं."

जबाब मी शब्दन् शब्द लिहून घेतला. त्यातलं महत्त्वाचं वाक्य कुठलं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. मला कबुली हवी होती, आणि कबुली नसलेला जबाब मी तेव्हा रिकामा समजायचो.

"आमच्या घराला कधी कोनी बोट दाखवलं नव्हतं," सासू म्हणाली. "शनवारी तिचा बाप येतो. गाव सांगंल तवा परत आनू." गाव कधीच सांगणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिथून किनाऱ्यावर गेलो. जिच्यावर आरोप होता ती बाई उपटलेले बांबू गोळा करत होती. चाळिशीची, काटक, अबोल. तिला मी मावशी म्हटलं, पण आवाजात मावशीपण नव्हतं. खरं बोला, नाहीतर प्रकरण अंगाशी येईल, नाहक ती पोर भरडली जाईल, लाखात एकदासुद्धा असं घडत नाही, असं बरंच काही मी ताडताड बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"लाख कोनी मोजलं, साहेब?" एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा बांबू उचलायला वाकली. मला तो उद्धटपणा वाटला.

संध्याकाळी घरी विरारला पोचलो. माझी पत्नी तिथल्याच एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. सहामाहीचे पेपर पसरून बसली होती. केसच्या गोष्टी मी घरी सहसा काढत नसे, पण हे गणित तिच्या विषयातलं, म्हणून चहा पिता पिता तो कागद तिच्यापुढे ठेवला. जरा ऐटीतच ठेवला.

तिनं तो वाचला आणि लाल पेन खाली ठेवलं. "अहो, गुणाकार बरोबर आहे. पण हे उत्तर भलत्याच प्रश्नाचं आहे."

"म्हणजे?"

"मडक्यात सगळ्या चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या असतील, प्रत्येकीला सारखी संधी असेल, तर असं घडणं लाखात एक. एवढंच हा कागद सांगतो. ती बाई निर्दोष असणं लाखात एक, असं कुठे सांगतो? आणि कोणत्याही एका घराचं नाव तीनदा लागोपाठ येणं म्हणाल, तर ते लाखातसुद्धा नाही, दोन हजार तीनशे चारात एक. ज्याचं नाव आलं असतं त्याच्यावर तुम्ही असाच संशय घेतला असता ना?"

"बरं, दोन हजारात एक. ते तरी काय कमी आहे का?"

"नाहीच कमी. म्हणजे मडक्यात काहीतरी गडबड असेलही. पण ती कुणी केली, हे आकड्याला काय माहीत? आणि ही पोर वैशाखात आली. आधीच्या दोन वर्षी हात कुणी घातला?"

"त्या त्या वर्षीच्या सुनांनी. त्यातली एक पण त्याच माहेरची निघाली."

"त्या माहेरच्या एकूण किती सुना आहेत गावात? मोजल्यात?"

मोजल्या नव्हत्या. ती हसली. "दहावीतल्या पोरानं असं उत्तर लिहिलं तर मी मार्क कापते. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, बाई, चार वेळा छापा पडला, आता काटाच पडणार ना? मी सांगते, नाण्याला मागचं काही आठवत नाही. तसं मडक्यालाही मागचं साल आठवत नाही. पण एखाद्या नाण्याचा सारखा छापाच पडायला लागला, तर आधी नाणं उलटून बघावं. टाकणाऱ्याचा हात कशाला पिरगाळायचा? तुम्ही सगळे त्या पहिल्या चिठ्ठीकडे डोळे लावून बसलात. बाकीच्या सत्तेचाळीस चिठ्ठ्यांचं काय झालं, ते बघा की."

नोकरीत मला वरिष्ठांनी पुष्कळ झापलं, पण इतकं उपयोगी कुणीच झापलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी गावच्या कारभाऱ्याकडे गेलो. साठीचा, मानकऱ्यांच्याच घरातला, अर्जदाराचा सख्खा काका. दरवर्षी चिठ्ठ्या कोणत्या क्रमानं निघाल्या, त्याची वही त्याच्याकडे असायची. ती ताब्यात घेऊन मी आणि हवालदार समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो. मागच्या सहा वर्षांच्या सहा याद्या. तासाभरात हवालदाराच्या तोंडून शिट्टी निघाली. ड्युटीवर असताना शिट्टी मारतो म्हणून मी त्याच्यावर डोळे वटारले आणि मग मलाही ते दिसलं.

गावात बोंबील वाळवणाऱ्या विधवांची घरं सहा. ज्या वर्षापासून घर विधवेचं झालं, त्या वर्षापासून ते दरवर्षी पहिल्या दहात होतं. आमच्या बाईच्या आधी तीन वर्षं पहिला नंबर दुसऱ्या विधवांचा होता, पण एकीलाच सलग न आल्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. आणि मानकऱ्यांची पाच घरं? ती दरवर्षी चाळिसाव्या नंबरानंतर, खाजणाच्या बाजूला. अर्जदाराचं घर तर सहातल्या चार वेळा अगदी शेवटचं. त्या माणसाला एवढा राग का, हेही तिथे कळलं. माहेरचं गावही आम्ही मोजलं. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस घरांत त्याच गावची सून होती. पिढ्यान् पिढ्या तिथूनच मुली करत आले होते. पहिला नंबर कुणाचाही आला असता तरी कुठलीतरी माहेरवाशीण सापडलीच असती.

मी कारभाऱ्याला विचारलं, "तुमची घरं नेहमी शेवटी कशी येतात हो?"

"नशीब आमचं," तो म्हणाला.

"चिठ्ठ्या मडक्यात कोण टाकतं? कुठल्या क्रमानं?"

त्याचा चेहरा एकदम बंद झाला. "ते गाभाऱ्यातलं काम हाय. रीतीपरमानं होतं. पोलिसांनी त्यात पडू नये."

दम देऊन वदवून घेता आलं असतं. पण कालच एका बाईला दम देऊन काय मिळालं, ते मी पाहिलं होतं. शिवाय चिठ्ठ्या टाकताना गाभाऱ्यापाशी फक्त त्या अठ्ठेचाळीस घरांचे कर्ते असत, आणि विधवांच्या घरात कर्त्या त्या स्वतःच.

मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. मावशी जाळीच्या तुकड्यावर बसून होती. मी बूट काढले आणि समोर वाळूत बसलो. आधी माफी मागितली. युनिफॉर्ममध्ये माफी मागायची सवय नव्हती, शब्द अडखळत आले. मग वहीत काय दिसलं ते सांगितलं. "तुमच्यावर माझा संशय उरलेला नाही, मावशी. पण नुसत्या वहीनं गाव ऐकणार नाही. मडक्यात चिठ्ठ्या कशा पडतात, ते मला कुणीतरी सांगायला हवं."

तिनं लुगड्यावरची वाळू झटकली.

"माझ्या दोन पोरी शिकतात, साहेब. थोरली नर्सिंगला हाय. ही जागा हाय म्हनून शिकतात. मी बोलले तर पुढल्या सालापासून जागा गेली."

खोटा दिलासा देणं मला जमलं नसतं, कारण तिचं म्हणणं खरं होतं.

"आनि नाय बोलले तर शनवारी त्या पोरीचं घर गेलं." तिनं पदरानं हात पुसले. "लिवा."

मी लिहून घेतलं. मडकं गाभाऱ्यात ठेवलं की त्याला हलवायचं नाही. पहिला मान मानकऱ्यांचा, त्यांच्या चिठ्ठ्या आधी. मग आळीनं आळीनं बाकीची घरं. कपाळावर कुंकू नसलेल्या बायांनी सगळं संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. त्यांच्या हातून पुजारी चिठ्ठ्या घेणार आणि सर्वांत शेवटी वर टाकणार. त्यातही ही सहा जणींत धाकटी, म्हणून हिची अगदी शेवटी. मडक्याचं तोंड एवढं अरुंद की मनगटापुढे हात जात नाही. आणि नवी सून ढवळणार नाही, वरचीच उचलणार.

"वर कोनाची राहील मग?" ती म्हणाली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी दाराशी उभं केलं तवा लय रडले. दुसऱ्या वर्षी नाय रडले."

एखादी गोष्ट ठाऊक असून गप्प बसणं, याला भारतीय दंड संहितेत सरसकट कलम नाही. असतं तरी मी ते इथे लावलं नसतं. तिला शेवटी उभं करणाऱ्यांनीच तिला ती जागा दिली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शनिवारी सकाळी आम्ही देवळासमोर सगळ्यांना बोलावलं. देवीचं मडकं द्यायला कारभारी तयार होईना, म्हणून हवालदारानं बाजारातून तशाच तोंडाचं नवं मडकं आणलं होतं. दोन पंच उभे केले आणि पंचनामा लिहायला बसवला. नव्या सुनेचा बाप पहाटेच्या गाडीनं आला होता. तिची पिशवी त्याच्या हातात होती, ती त्याच्यामागे मान खाली घालून उभी होती.

मी म्हणालो, "इथे देवीचं काही नाही. कोरे कागद आहेत, त्यावर घरांची नावं आहेत. दरवर्षी टाकता तशाच क्रमानं टाका." कुजबुज झाली, पण टाकल्या. आधी मानकरी, मग आळ्या, मग सहा बाया. मग मी अर्जदाराला पुढे बोलावलं. "तुम्हीच काढा. ढवळायचं नाही, रीत आहे."

त्यानं हात घातला, वरची चिठ्ठी उचलली, उघडली. पंचानं ती त्याच्या हातून घेऊन वाचली. मावशीचं घर.

"एकदा योगायोग असेल," मी म्हणालो. मडकं रिकामं करून पुन्हा त्याच क्रमानं भरलं. या खेपेला सासूला बोलावलं. तिच्या हाती दुसऱ्या एका विधवेची चिठ्ठी आली. तिसऱ्यांदा अर्जदारच म्हणाला, "सर, मला द्या." पुन्हा मावशीचं घर.

त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. हट्टाला पेटण्याऐवजी तो खाली बसला आणि उरलेल्या चिठ्ठ्या एकेक काढून वाळूत मांडत गेला. मडक्याच्या अगदी तळाशी त्याच्या स्वतःच्या घराची चिठ्ठी निघाली. ती हातात धरून तो काकाकडे बघत राहिला.

"काका, आपला मान पहिला म्हणून आपण तळाला. इतकी वर्षं!"

मागून कुठलीशी म्हातारी खदखदून हसली. तिचं पाहून बायका हसल्या, मग पुरुषही. कारभारी आधी रागानं लाल झाला आणि शेवटी त्यानंही डोक्याला हात लावला.

सासू हसली नाही. ती उठली, व्याह्याजवळ गेली आणि त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "जेवल्याबिगर जायचं नाय," ती त्याला म्हणाली. मग सुनेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक माझी झाली. चल, चुलीवर पानी ठेव." पोर तिथेच हमसून रडायला लागली. माझ्या महिला शिपायानं तोंड फिरवून डोळे पुसले. मी टोपी सारखी करण्यात वेळ काढला.

अर्जदारानं अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. मावशीची वलांडी दुपारपर्यंत पुन्हा उभी राहिली. ती उपटली कुणी, हे मी विचारलं नाही. बांबू पुरणारी चार पोरं माझ्याकडे बघायचं टाळत होती, तेवढं मला पुरेसं होतं.

या केसनं माझी चौकशीची पद्धत बदलली. तोवर मी संशयित आधी धरायचो आणि मग त्याच्याभोवती पुरावा गोळा करायचो. काहीतरी विलक्षण घडलं म्हणजे कुणीतरी लबाडी केली, असं मला वाटायचं. आता मी आधी विचारू लागलो, की हे ज्या रीतीनं घडतं ती रीत सरळ आहे का? एका घटनेकडे बोट दाखवणाऱ्याला मी म्हणायचो, बाकीच्या सगळ्या आणून दाखव. आढावा बैठकीत 'शंभर टक्के वाढ' आली की मी शांतपणे सांगायला लागलो, साहेब, एकाचे दोन झाले. एकदोनदा बोलणी खाल्ली, पण खोटं ओझं डोक्यावर घेणं सुटलं. आणि पुढे एका सोसायटीतल्या चोऱ्यांत रखवालदाराला धरून आणलं होतं, कारण सगळ्या चोऱ्या म्हणे त्याच्याच पाळीत झाल्या. मी पहिला प्रश्न विचारला, की एकूण पाळ्यांपैकी त्याच्या किती? दुसरा रखवालदार सहा महिने गावाला होता. त्या माणसाला मी चहा पाजून घरी पाठवलं. खरा चोर नंतर सापडला. मडक्यानं वाचवलेला तो आणखी एक निरपराध.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी मी मुद्दाम त्या गावात गेलो. बंदोबस्त हे निमित्त. अर्जदारानंच पुढाकार घेऊन सभा भरवली होती आणि बरीच वादावादी होऊन ठरलं होतं, की मडक्याऐवजी वेताची मोठी पाटी घ्यायची. सगळ्या घरांनी चिठ्ठ्या एकदमच टाकायच्या, आणि काढणाऱ्या सुनेनं आधी दोन्ही हातांनी कालवून घ्यायच्या. पुजाऱ्यानं देवीला कौल लावून परवानगीही घेतली होती. त्या वर्षीची सून धीट होती. कोपरापर्यंत हात घालून तिनं असं काही कालवलं की चारदोन चिठ्ठ्या बाहेर उडाल्या.

मावशीचा नंबर चौतिसावा आला. खाजणाच्या अगदी टोकाला नाही, पण होड्यांपासून लांबच. मला वाईट वाटलं. माणसं पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. मागच्या वर्षीची ती नवी सून तिच्या शेजारी उभी होती, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. थोरली मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला गेल्याचं मावशीनं मला आधी सांगितलं, मी काही विचारायच्या आत.

"जागा लांब गेली, मावशी," मी म्हणालो. "बोललात त्याचा पस्तावा नाही ना होत?"

ती पाटीत उरलेले कागदाचे कपटे गोळा करत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाय दुखतील, साहेब. पन आज दाराशी नाय उभी राहिले. माझी चिठ्ठी सगल्यांच्या बरोबर पडली."